बारा माणसं आणि रिकामी बस

"काका, डिंकानं चिकटवलीत," पंचशीला म्हणाली.

व्यंकटीने कपाटाच्या काचेला नाक लावून पाहिलं. आतली बारा लाकडी माणसं त्याच्याकडे बघत नव्हती, कारण त्यांना डोळेच नव्हते. डोळे, नाक, हात, पाय असली भानगड त्याने ठेवलीच नव्हती. अंगठ्याएवढा दांडा, वर लिंबाएवढं डोकं आणि प्रत्येकाला एक रंग.

किल्लारीत भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात अंगणवाडी भरली, तेव्हा पडलेल्या घरांच्या लाकडातून त्याने ती खरादावर कातून काढली होती. सोबत बारा भोकांची एक बस. तोवर त्याने लाटणी आणि पलंगाचे खूर सोडून काही काढलं नव्हतं. पहिली पिढी तुरीच्या शेंगेएवढी निघाली. शिवकांताच्या लहानग्या सोमेशने त्यातला एक इसम गिळायला घेतला, तेव्हा व्यंकटीने सगळ्यांना खाता येणार नाही इतकं लठ्ठ करून टाकलं. पुढे सरकारी प्लास्टिकच्या खेळण्यांचा खोका आला. तुटलं-फुटलं तर जाब द्यावा लागेल म्हणून तो कपाटात कुलूपबंद झाला आणि आजही अगदी सुखरूप आहे.

बसचा नियम एकच. कोणतंही माणूस कोणत्याही भोकात बसेल, आणि सकाळी जे लेकरू रडत येईल ते ड्रायव्हर निवडेल. चार वर्षांची पंचशीला त्या शेडात रोज रडत यायची आणि रोज निळ्याला ड्रायव्हर करायची. आता ती तिथलीच सेविका होती.

सहा महिन्यांपूर्वी लातूरच्या कचेरीतल्या मंजुषा मॅडम दोन दिवसांच्या प्रदर्शनासाठी माणसं घेऊन गेल्या. बस गाडीत मावली नाही, म्हणून राहिली. तेव्हापासून लेकरं रिकामी बस ढकलत होती. माणसं परत मिळावीत म्हणून पंचशीलाने चार अर्ज केले. पाचव्या वेळी अर्जाऐवजी व्यंकटीलाच कचेरीत आणलं.

काचेच्या कपाटात पाटी होती : 'आपले बारा बलुतेदार'. माणसं फळीवर ओळीने चिकटवलेली, खाली चिठ्ठ्या. काळा तो लोहार, तपकिरी तो कुंभार. निळा सगळ्यात शेवटी, इतरांपासून चार बोटं लांब. त्याच्याखालची चिठ्ठी पंचशीलाने एकदा वाचली, मग पुन्हा वाचली. तिच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेताना टाकून दिलेला शब्द कचेरीने सुबक अक्षरात छापून परत आणला होता.

मॅडमनी चहा मागवला. उद्या ह्या दालनाचं उद्घाटन आहे, व्यंकटी आजोबांनी पुढच्या रांगेत बसायचं, शाल मिळेल, असं सगळं प्रेमाने सांगितलं. व्यंकटीने चहाला हात लावला नाही. ह्यांच्या जाती कुणी ठरवल्या, एवढंच विचारलं. मुलांना आपली संस्कृती कळायला हवी, असं मॅडम म्हणाल्या.

"ह्या लाकडात पाटलाच्या घरची तुळई हाय, अन् हिच्या आज्याच्या घरची बी," व्यंकटी म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "कोनती कोनत्या माणसात गेली, ते मला म्हाईत न्हाई. म्या काढलीत तरी. तुमाला कसं कळलं?"

"अहो आजोबा, ते प्रतीकात्मक आहे."

"मग काच उघडा."

मॅडम म्हणाल्या, तसा रीतसर अर्ज करा. पंचशीलाने त्यांच्या टेबलाच्या काचेकडे बोट दाखवलं. चारही अर्ज तिच्याखाली छान सपाट होऊन पडले होते. मग तिने स्वतःच कपाटाचं दार ओढलं. ते उघडंच होतं.

"हात लावू नका, हे सरकारी आहे," मॅडम उठल्या.

"सरकारी असतं तर कुलपात असतं, मॅडम."

व्यंकटीने निळ्याला धरून पिळलं. कट्ट आवाज झाला. माणूस हातात आला, बूड फळीवर राहिलं. व्यंकटीने डोळे मिटले, उघडले आणि पुढच्याला हात घातला. असे बारा आवाज झाले. कचेरीतले सगळे उभे राहिले, पण अडवायचं कुणी, याचा आदेश कुणापाशीच नव्हता. पंचशीलाने माणसं ओढणीत बांधली आणि दोघं बाहेर पडली. उद्घाटन मात्र ठरल्या वेळी झालं. पाहुण्यांनी बारा चिठ्ठ्या आणि बारा खुंट पाहून परंपरेबद्दल समाधान व्यक्त केलं.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत माणसं बसमध्ये नीट बसेनात. दांडे आखूड झाल्यामुळे ती गळ्यापर्यंत आत जात. भोकांवर नुसती डोकी टेकलेली. व्यंकटी म्हणाला, चार दिस दे, नवी काढून देतो. पंचशीला नको म्हणाली, हीच हवीत.

लेकरांतली उज्ज्वलाची लेक उठली आणि अंगणात गेली. ओंजळभर काळी माती घेऊन आली, पाणी शिंपडून मळली आणि एकेका भोकात चिमूट चिमूट दाबू लागली. माणूस ठेवायची, डोकं तिरकं करून बघायची, काढायची, अजून थोडी माती घालायची. व्यंकटीचा हात मदतीला पुढे गेला आणि त्याने तो मागे घेतला. बारावं माणूस नीट उंच बसलं, तेव्हा तिची सगळी नखं काळी झाली होती.