बायची गाडी

"बत्ती विझव आणि गाडी पुढे लाव, विनोदभाय. गिऱ्हाईक उद्या अकराला येतंय."

मेहुलने स्कॅनर विनोदच्या हातात दिला आणि तो ऑफिसकडे वळला. विनोद तामोरेने स्कॅनर घेतला, पण गाडीला लावला नाही. बोनेटवर ठेवून दिला.

बेटेगावच्या त्या गॅरेजात विनोदला सोळा वर्षं झाली होती. गाड्या दुरुस्त करायच्या त्याने, आणि शेजारच्या पत्र्याच्या शेडमधून जुन्या गाड्या विकायच्या मेहुलने, अशी वाटणी होती. गाडीला काय झालंय हे सांगताना विनोद 'असेल' हा शब्द वापरत नसे. हाय, नाहीतर नाय. कळलं नसेल तर 'बघून सांगतो' म्हणे, आणि खरंच बघून सांगे. तारापूरच्या कॉलनीपासून उमरोळीपर्यंतची माणसं त्या एका गोष्टीसाठी त्याच्याकडे येत.

समोरची पांढरी गाडी त्याच्या मोठ्या बहिणीची, बायची होती. चंद्रकांता दांडीला राहायची, मासळी विकायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ओल्या पाट्या बघून रिक्षावाले थांबेनात, तेव्हा त्रेपन्नाव्या वर्षी ती गाडी चालवायला शिकली. गाव हसलं. पुढची पाच वर्षं ती पहाटे बंदरावरून माल उचलून बोईसरच्या बाजारात सगळ्यांच्या आधी पोचत होती. आता डोळ्यांत साखर उतरली, आणि डॉक्टरांनी गाडी कायमची बंद करायला सांगितली.

घेणारी होती बुधी वरठा, पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका उपकेंद्राची नर्स. रविवारी येऊन गाडी बघून गेली होती. आरसा स्वतःपुरता वळवून बराच वेळ नुसती स्टिअरिंग धरून बसली होती.

डॅशबोर्डवरची पिवळी बत्ती मात्र वर्षभर जळत होती. गाडी पळत होती, म्हणून चंद्रकांताने तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. भावाने दोनदा टोकलं तर 'धंद्याच्या दिवसात गाडी उभी नाय करायची' म्हणून तिने उडवून लावलं होतं. ती बत्ती काय सांगते हे विनोदला पाठ होतं. टाकीत पेट्रोलची वाफ धरते. ती हवेत जाऊ नये म्हणून गाडी ती कोळशाच्या डब्यात साठवते आणि इंजिन चालू झालं की ओढून जाळून टाकते. हा सगळा मार्ग बंदिस्त आहे का, हे गाडी स्वतःच तपासते. इंजिन रात्रभर थंड झालेलं, टाकी ना भरलेली ना रिकामी, अशी वेळ साधून ती सगळी तोंडं बंद करते, टाकीतली हवा थोडी ओढून घेते आणि वाट बघते. ओढ टिकली तर ठीक. उतरली तर कुठेतरी भोक आहे. एका वेळेला ती सोडून देते. पुढच्या खेपेलाही तेच दिसलं की बत्ती लावते.

म्हणजे आज स्कॅनर लावून बत्ती पुसली तर ती लगेच पेटणार नव्हती. दोन-तीन दिवस सहज गेले असते, आणि तोवर गाडी बुधी वरठाच्या दारात उभी असती. मेहुलला हे पक्कं ठाऊक होतं. विनोदनेच त्याला शिकवलं होतं.

मेहुल परत आला तेव्हा बत्ती जळतच होती. भोक शोधल्याशिवाय पुसणार नाही, असं विनोदने त्याला सरळ सांगितलं. मेहुलने समजावून पाहिलं. रस्त्यावरच्या निम्म्या गाड्यांत बत्ती असते, त्याने कोणी मरत नाही, आणि गाडी घरचीच आहे, सौदा मोडला तर नुकसान बहिणीचंच. शेवटी त्याने चंद्रकांतालाच फोन लावला आणि तुमचा भाऊच तुमची गाडी विकू देत नाही म्हणून सांगितलं.

तासाभरात ती रिक्षाने आली. पदर खोचलेला, डोळे बारीक केलेले. विनोद नऊ वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून त्याला हिनेच वाढवलं होतं. बाप त्याला बोटीवर न्यायचा आणि तो दिवसभर ओकत राहायचा. पोरं चिडवायची. एके दिवशी हिने बापाला सांगितलं, हा दर्यावर जाणार नाय. आणि डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरत त्याला पालघरच्या आयटीआयला घातलं. सत्तेचाळीस वर्षांत विनोदने तिला कशालाही नाही म्हटलं नव्हतं.

"विनू, तुझ्यानं एवढा होत नाय?" ती म्हणाली. "बटण दाबायचा तर हाय."

"दहा मिनिटं बस, बाय. दाखवतो."

त्याने धुराचं यंत्र ओढत आणलं. वाफेच्या नळीला त्याचा पाइप जोडला आणि आत हलक्या दाबाने पांढरा धूर सोडला. इंजिनापाशी काही नाही. टाकीच्या झाकणापाशी काही नाही. मग मागच्या चाकाच्या वरून, प्लास्टिकच्या आवरणाआडून उदबत्तीसारखी एक रेघ निघाली. विनोदने चाक काढलं, आवरण सोडवलं. झाकणापासून टाकीपर्यंत पेट्रोल नेणारी लोखंडी नळी तिथून जात होती. तिच्यावर गंजाचे पापुद्रे सुटले होते, आणि एका पापुद्र्याखालून धूर येत होता.

पाच वर्षांच्या गाडीची नळी अशी सडत नाही. कारण विनोदला बघताक्षणी कळलं. मागे रचलेल्या पाट्यांतला बर्फ रोज वितळायचा आणि मासळीचा खार घेऊन ते पाणी फटीतून नेमकं इथे झिरपायचं. हा धंदा करूनच तिने त्याला माणसांत आणलं होतं.

"कशानं झाला?" तिने विचारलं.

"पावसाचं पाणी लागलं असेल," विनोद म्हणाला.

मेहुलने चमकून त्याच्याकडे पाहिलं. चंद्रकांता पुढे सरकली. गाडीला हात टेकवून खाली बसली, चाचपडत आवरणाच्या आतल्या कडेला बोट नेलं. तिथे पांढरट थर साचला होता. तो नखाने खरवडून तिने जिभेला लावला आणि बाजूला थुंकली.

"पावसाचा पाणी खारा नसतो, विनू."

विनोद हातातला पाना पुसायला लागला.

"आता खरा सांग. याच्यानं काय होतं?"

मग त्याने सगळं सांगितलं. गाडी बंद पडत नाही, आज तरी नाही. पण गंज आतून नळी खात राहणार. पावसाळ्यात चाकाने उडवलेलं पाणी त्या भोकातून टाकीत जाणार आणि एक दिवस गाडी चढावर मधेच थांबणार. त्या नर्सच्या डोंगरात मोबाइललाही रेंज नाही.

"ती नर्सबाय पोटुशी बाई नेणार यातून?"

"कधीतरी नेणारच."

चंद्रकांता भावाच्या खांद्याचा आधार घेऊन उठली. बोट पदराला पुसलं आणि मेहुल जिथे उभा होता त्या अंदाजाने तोंड वळवलं.

"मेहुलशेठ, शिळ्या माशाचे कल्ले रंगवून मी कधी विकला नाय. उद्या मी येते. तिला मीच सांगते."

दुसऱ्या दिवशी अकराला बुधी आली. चंद्रकांताने तिला स्टुलावर बसवलं आणि बर्फाच्या पाण्यापासून सगळं सांगितलं, एखाद्याच्या दुखण्याची हकीकत सांगावी तसं. मेहुल दाराशी उभा राहून ऐकत होता. सौदा गेला असंच त्याच्या तोंडावर होतं.  ऐकून झाल्यावर बुधी विनोदकडे वळली.

"भोक केवढा हाय?"

"बाळांना टोचायची सुई असते ना, तिच्याएवढा."

"तेवढ्यावरून गाडीला कळतं?"

"कळतं."

बुधीने मान हलवली. सुईच्या टोकाचं महत्त्व तिला कोणी सांगायला नको होतं. नवी नळी बसायला किती दिवस लागतील, एवढंच तिने विचारलं. आठ, विनोद म्हणाला. थांबते, ती म्हणाली. तुमी सांगितलंत म्हणून थांबते.

नळी चंद्रकांतानेच आपल्या पैशाने मागवली. विनोदने ती बसवली, आजूबाजूचा सगळा पत्रा घासून त्यावर गंज न धरणारा रंग दिला, मागची फट बुजवली. मग बत्ती पुसली. टाकी अर्धी ठेवून गाडी रात्रभर उभी केली आणि सकाळी थंड इंजिनावर उमरोळीपर्यंत नेऊन आणली. दुसऱ्या सकाळी पुन्हा नेली. स्कॅनर लावला तेव्हा गाडीने आपली तपासणी दोन्ही वेळा पुरी केली होती, आणि ओढ टिकली होती. त्याने मेहुलला बोलावून पडदा दाखवला. मेहुल मान डोलावून ऑफिसात गेला. दुपारी एका नव्या गिऱ्हाइकाला तो सांगत होता, की आमच्याकडे विनोदभायने पाहिल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नाही.

शनिवारी बुधी गाडी न्यायला आली. चंद्रकांताने कागद आणि दोन्ही किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या. बुधीला बोईसरच्या बाजारात काम होतं. चला, तुम्हाला सोडते, ती म्हणाली.

चंद्रकांता डाव्या बाजूच्या दाराशी गेली. त्या सीटवर ती कधी बसली नव्हती. तिथे तिचा तराजू आणि कोळंबीची टोपली असायची. आत बसून तिने पट्ट्यासाठी उजव्या खांद्यावरून हात मागे नेला. तिथे काही नव्हतं. तिने पुन्हा चाचपलं.

"इकडं हाय, बाय," विनोद म्हणाला.

त्याने वाकून डाव्या बाजूचा पट्टा ओढला, तिच्या अंगावरून नेऊन अडकवला आणि दार लावलं. बुधीने गाडी सुरू केली. तिचा पाय अजून क्लचवर बसलेला नव्हता. गाडीने फाटकाशी एक हिसका खाल्ला. शेजारून चालणाऱ्या विनोदला काचेतून दिसलं, बायने क्लच दाबावा तसा डावा पाय खालच्या मॅटवर जोरात दाबला होता. गाडी सावरली, रस्त्याला लागली. तेव्हा तिने तो पाय सावकाश उचलून उजव्या पायाजवळ ठेवला.