उजवा कौल

निवेखोल गावात आम्ही गुरव म्हणजे वाघजाईची माणसं. तिची पूजा करायची, देवळावर गवत शाकारायचं आणि कोणाला काही विचारायचं असलं की कौल लावायचा, ही आमची पिढीजात कामं. कौल ठाऊक नसेल त्याला सांगतो. देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक कळी ओली करून चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

आता दुसरी गोष्ट. ही मला माझ्या बापाने सांगितली आणि त्याला त्याच्या बापाने. जी कळी पाडायची ती देठाशी जाड घ्यायची आणि नुसत्या पाण्याने लावायची. दुसरी हलकी घ्यायची आणि तिच्या पाण्यात चिमूटभर गंध कालवायचं. बस. देवी तुम्हाला हवं ते बोलते.

लबाडी म्हणायची तर खुशाल म्हणा. मीही म्हणालो होतो, तेव्हा बाप म्हणाला, "गावाचं भलं कशात हाय ता तुला कळतंय ना? मंग तिला कशाला तरास?" सदूच्या काशीला दारुड्याच्या घरी द्यायचं चाललं होतं, मी डावा पाडला. दोन भाऊ बांधावरून कोयत्या घेऊन उठले होते, मी दोघांनाही डावा दिला आणि दोघेही गप्प घरी गेले. तीस वर्षांत माझ्या हातून एकही कौल वाकडा पडला नाही, आणि एकही खरा पडला नाही.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याला. आज्याच्या वेळी गावाच्या चारी अंगांना रान होतं म्हणे. म्हणे म्हणतो, कारण मी पाहिले ते कातळ आणि गवत. लाकूड गाड्यांनी खाडीवर गेलं आणि तिथून गलबतांनी मुंबईच्या चुलीत. उरलंसुरलं आम्हीच संपवलं. नाचणीच्या राबासाठी दरवर्षी फांद्या छाटायच्या, शेतात पसरायच्या आणि जाळायच्या, झाडाचा नुसता खुंट राहीपर्यंत. त्यात आमच्यातला कोणी साळसूद नाही. झाडं गेली तशी डोंगराची माती पावसाबरोबर खाली उतरली आणि खाडी भरली. आज्याने संगमेश्वरच्या बंदराला गलबतं लागलेली पाहिली होती. मी तिथे ओहोटीला गुरं चालत पलीकडे जाताना पाहिली.

राहिली ती एवढी वाघजाईची राई. देवळामागच्या घळीत, डोंगराच्या कुशीत. किंजळ, ऐन, हिरडा, सातवीण, आभाळात गेलेले बेहडे आणि त्या सगळ्यांवरून फिरलेली गारंबीची वेल, माझ्या मांडीएवढी जाड. राईत कोयती न्यायची नाही, वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, असा रिवाज. राईच्या तळाशी झरा होता. वैशाखात गावातल्या विहिरी खडखडीत झाल्या तरी तो करंगळीएवढा का होईना, वाहायचा. सत्तर घरं त्या करंगळीवर उन्हाळा काढायची.

सन एकोणतीसच्या कार्तिकात खोतांनी बोलावलं. हरिहरपंत खोत, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या.

"आत्माराम, राई कोळशाला द्यायचं चाललंय," ते म्हणाले. "मुंबईचा ठेकेदार आलाय."

"तात्या, राई देवीची हाय."

"कागदावर माझी आहे. मोजणीदाराने नाव कोणाचं लावू म्हणून विचारलं, तेव्हा तुझ्या बापासकट सगळे म्हणाले, देवीच्या जागेला माणसाचं नाव लावायचं नाही. मग ती आमच्या वडिलांच्या नावावर लागली."

खरं होतं. देवीच्या जागेवर आपलं नाव घालायचं पाप नको म्हणून सगळे मागे सरले होते, आणि राई खोतांची झाली होती. भक्ती अशी नडते.

"पण कौलाशिवाय गावातला एक माणूस कुऱ्हाड उचलायचा नाही," तात्या पुढे म्हणाले, "आणि खरं सांगू? मीही उचलू देणार नाही. माझ्या घरात लेकरं आहेत. देवी नको म्हणाली तर ठेकेदाराला त्याच पावली परत पाठवतो, हा माझा शब्द. सोमवारी कौल लाव."

मला हसू आवरेना. राई वाचवणं इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. घरी येऊन हौसेला सांगितलं. हौसा माझी बायको. तिला कळ्यांचं सगळं ठाऊक होतं, गंध उगाळायची तीच.

"मंग डावा पाडा," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "त्यात काय इचार करायचा?"

विचार करायचा काहीच नव्हता. हेच तर माझं चुकलं.

सोमवारी सकाळी गाव जमायच्या आधी मी देवळात गेलो. पाषाण धुतला, कळ्या निवडल्या, एक जाड, एक हलकी. गंधाची वाटी हातात घेतली आणि तसाच उभा राहिलो. मागे राईत पाखरं ओरडत होती. मनात आलं, आजवर दुसऱ्यांच्या भानगडी होत्या. पोरीबाळींची लग्नं, बांध, म्हशी. त्यात ती लक्ष घालत नसेल, म्हणून मी घातलं. पण आज प्रश्न तिच्या स्वतःच्या घराचा आहे. आज तरी ती बोलेल की नाही? आणि आजही मलाच बोलावं लागणार असेल, तर तीस वर्षं मी पूजा कोणाची केली?

मला बघायचं होतं. दुसरं काही नाही, एकदा बघायचं होतं. मी वाटीतलं गंध पायरीबाहेर ओतून दिलं आणि अगदी सारख्या दोन कळ्या शोधून आणल्या. त्या बोटांवर तोलून बघितल्या. देठ सारखे, पाणी सारखं.

गाव आलं. तात्या आले, छत्री घेऊन ठेकेदार आला. सखाराम गावकर पुढे बसला. गावचा मान त्याचा. माझ्याच वयाचा, आम्ही दोघांनी एकत्र गुरं राखलेली. त्याने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. त्याला माझं गुपित ठाऊक नव्हतं, पण देवी आपली राई देणार नाही याची त्याला खात्री होती. सगळ्यांनाच होती. बायका तर हसत होत्या.

मी गाऱ्हाणं घातलं. "आई वाघजाई, तुजी राई तोडायची म्हनतात. तुज्या मनात असंल तर उजवा दे, नसंल तर डावा दे. लेकरांना फसवू नको."

कळ्या बराच वेळ राहिल्या. डावी थोडी सरकली. माझ्या छातीत असा आनंद भरला की डोळ्यांत पाणी आलं. आहे, ती आहे. मग डावी थांबली, आणि उजवी टपकन खाली पडली.

तात्या पाषाणाकडे बघत राहिले, त्यांनाही हे अपेक्षित नव्हतं. मग सखाराम उठला, देवीला साष्टांग नमस्कार घातला आणि उठताना रडला. "आईची मर्जी," एवढंच म्हणाला.

मार्गशीर्षात कुऱ्हाडी लागल्या, आणि लावल्या त्या आमच्याच माणसांनी. ज्यांनी जन्मात राईतली काटकी उचलली नव्हती, ते आता देवीचं काम म्हणून तोडत होते. दर सकाळी नारळ फोडायचे आणि तोडायला लागायचे. देवीने हो म्हटल्यावर हयगय करून कसं चालेल? घळीत भट्ट्या लागल्या. धूर गावावर बसायचा, माणसं खोकायची. कोळशाच्या पाट्या भरून गाड्या खाली, जिथे अजून खोल पाणी होतं तिथल्या खाडीकडे जायच्या. मी रोज पूजेला जायचो आणि देवळामागचा उजेड वाढताना बघायचो. हौसेने मला पहिल्या दिवशी एकदाच विचारलं होतं, गंध कमी पडलं का म्हणून. मी हो म्हणालो होतो.

फाल्गुनात मोठा बेहडा पडला. त्याच्या ढोलीत धनेशाची मादी होती. ही पाखरं अंडी घालताना ढोलीचं तोंड लिंपून घेतात, आत मादी कोंडून बसते आणि नर बाहेरून फळं आणून भरवतो. बुंधा फुटला तेव्हा ती बाहेर घरंगळली, तिला उडता येत नव्हतं, आत बसून पिसं झडलेली. एका माणसाने तिला उचलून बाजूला ठेवलं. संध्याकाळपर्यंत ती मेली. नर चार दिवस यायचा, चोचीत फळ घेऊन, आणि जिथे बेहडा होता त्या मोकळ्या जागेत गोल गोल फिरायचा. मला ते बघवेना.

अजून अर्धी राई उभी होती, झऱ्याच्या बाजूची. पाचव्या दिवशी मी गाव देवळात बोलावला आणि सगळं सांगून टाकलं. जाड कळी, हलकी कळी, गंध. काशीचं लग्न, बांधाचं भांडण, तीस वर्षांचं सगळं. सदू माझ्या अंगावर धावून आला. काहींनी तोंडावर हात घेतले. बायकांतून म्हातारी आनंदीबाई म्हणाली, "जीभ कशी झडली नाय रे तुजी?" मी ऐकून घेतलं, ते माझं देणंच होतं.

"कौल म्हनजे माजा हात," मी म्हणालो. "त्यात देवी नाय. म्हनून म्हनतो, कुऱ्हाडी थांबवा. झऱ्यावरची झाडं ऱ्हाऊ द्या."

तात्याही आले होते. ते म्हणाले, "कौल खोटा असेल तर मी आजच ठेकेदाराला थांबवतो. पण गावाने तसं सांगितलं पाहिजे."

मग सखाराम उठला. तो माझ्यासमोर आला आणि म्हणाला, "आत्माराम, येकच सांग. राईच्या कौलाला हात लावलास का?"

सखाराम माझ्या डोळ्यांत बघत होता, आणि तो काय मागत होता ते मला कळलं. हो म्हण, एवढंच तो मागत होता. सदू, आनंदीबाई, तात्यासुद्धा, सगळेच तेवढंच मागत होते. लावला म्हटलं की संपलं, राई वाचली, झरा वाचला. माझ्या तोंडाला खोटं काही परकं नव्हतं.

मी देवीकडे बघितलं. तीस वर्षांत त्या एका सकाळी मी तिच्याशी खरा वागलो होतो. तेवढंच माझ्यापाशी होतं. तेही खोटं ठरवायचं, आणि तिच्याच पुढ्यात?

"नाय," मी म्हणालो. "त्या दिशी नाय लावला. त्या दिशी तिलाच इचारला."

सखारामाने डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा तो मला ओळखत नसल्यासारखा बघत होता.

"मंग बाकी सगळे तुजे," तो म्हणाला, "आनि त्यो येकच तिचा."

तरी मी सांगत राहिलो, वारा असेल, दगडाला उतार असेल, मुंगी असेल. कोणी ऐकलं नाही. ऐकणार कसे? गावाला आयुष्यात एकदाच देवीचा खरा शब्द मिळाला होता, आणि त्याची साक्ष मीच दिली होती. माणसं पायऱ्या उतरून गेली, आणि थोड्या वेळाने घळीतून कुऱ्हाडींचे आवाज यायला लागले. आता ते आधीपेक्षा नेटाने तोडत होते.

चैत्र सरायच्या आत राई संपली. त्या उन्हाळ्यात झरा सुतासारखा आला. पावसात घळीतली माती एका रात्रीत खाली आली, खालची चार शेतं दगडांनी भरली. पुढच्या चैत्रात झऱ्याची जागा ओलीसुद्धा नव्हती. सदूने हाताने दोन पुरुष खोल खणलं, खाली कातळ लागला. घरं एकेक करून नदीकाठी नाहीतर मुंबईला गेली. सखाराम मुलाबरोबर गिरणीत गेला. जाताना देवीला नारळ ठेवला, माझ्याशी बोलला नाही.

आम्ही राहिलो, देवीला सोडून जाता येत नाही म्हणून. देवळावर आता दिवसभर ऊन असतं. नदी कोसभर लांब, पहाटे निघालं तर दोन खेपा होतात. परवा हौसा दुसऱ्या खेपेला चढणीवर बसली. हंडा उतरवला, त्यातलं निम्मं पाणी वाटेतच हिंदकळून गेलं होतं. राई गेल्यापासून तिने मला एका शब्दाने दुखवलं नव्हतं.

"येवडी वरसं खोटं बोललात," ती म्हणाली, "त्या येका दिशी आनखी नाय बोलता आलं?"

मी तिचा हंडा माझ्या डोक्यावर घेतला आणि आम्ही वर चढायला लागलो.