पासवर्ड बरोबर होता

मी एक छोटा संगणक बोलतोय. संगणक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पडदा येईल, मोठी पेटी येईल. ते विसरा. मी पत्त्यांच्या कॅटएवढा उघडा बोर्ड. अंगावर झाकणसुद्धा नाही. सध्या मुक्काम एका खणात, सुतळीचा गुंडा आणि संपलेल्या बॅटऱ्यांच्या शेजारी. दगाबाजाची वस्तू म्हणून मला इथे टाकलंय. माझं म्हणणं काय, हे कुणी विचारलं नाही. म्हणून आता न विचारताच सांगतो.

मला आणलं धाकट्याने. दोघा भावांचा अंडी उबवून पिल्लं विकायचा धंदा. पुढे दुकान, मागे लांबट खोली आणि तिथे कपाटाएवढं उबवणीचं यंत्र. मी येण्याआधी थोरला, म्हणजे दादा, उठून उठून थर्मामीटर बघायचा आणि अंड्यांचे ट्रे हाताने कलते करायचा. धाकट्याने ते सगळं मला शिकवलं. शेजारच्या खोलीत बसून, स्वतःच्या लॅपटॉपवरून. मला कधी कीबोर्ड लावलाच नाही त्याने. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

पासवर्डही त्या लॅपटॉपवरूनच दिला. आधी 'दादा', मग ॲटचं चिन्ह, मग 'घरी', सगळं इंग्रजी लहान अक्षरांत.

"तुझ्या लक्षात राहील असा ठेवलाय," तो दादाला म्हणाला. "शाळेतून आलो की दप्तर टाकायच्या आधी मी हेच विचारायचो ना, दादा घरी आहे का?"

दादा हसला होता. खोटं कशाला बोलू, तेव्हा बरा माणूस होता.

मग माझे राबायचे दिवस सुरू झाले. पिल्लं धडधाकट निघायची आणि गिऱ्हाईक दादाला म्हणायचं, "तुमच्या हाताला यश आहे बघा." दादा मान डोलवायचा. राबणारा मी, मला शिकवणारा धाकटा, आणि यश कुणाच्या हाताला! असो. जगाची रीतच आहे.

पुढे धाकट्याला दुसऱ्या गावात नोकरी लागली. दादाच्या ते जिव्हारी लागलं. लहानपणापासून ज्याला वाढवलं तो पाठ फिरवून चालला, एवढंच त्याला दिसलं. धाकटा निघताना पाया पडायला वाकला, तर दादा म्हणाला, "जाणाऱ्याने जावं. तुझ्यावाचून इथे काही अडत नाही."

अडलं. एका तळेवाल्याने बदकाची अंडी उबवायला आणून दिली. बदकाच्या पिल्लाला कोंबडीच्या पिल्लापेक्षा आठवडाभर जास्त लागतो. मला शिकवलेलं सगळं कोंबडीचं. मी आपला ठरल्या दिवशी ट्रे हलवणं थांबवणार, ऊब बदलणार, आणि बदकं आतल्या आत जाणार. माझ्या आत शिरून दिवस वाढवणं दादाला भाग होतं.

त्याने दुकानातल्या बिलाच्या जुन्या संगणकाचा पडदा आणि कीबोर्ड ओढून आणला आणि मला जोडला. नाव टाकलं. पासवर्ड टाकला. मी नाही म्हटलं.

पासवर्ड टाकताना माझ्या पडद्यावर काही उमटत नाही, साधा ठिपकासुद्धा नाही. आमच्या जातीची ती सवयच आहे. त्यामुळे आपण काय टाकतोय हे दादाला दिसत नव्हतं. मला दिसत होतं. मी उपजलो तेव्हापासून समजून चाललेलो की माझा कीबोर्ड दुसऱ्या देशाच्या मांडणीचा असणार, जिथे काही चिन्हं वेगळ्याच कळांवर असतात. कुणी मला वेगळं सांगितलंच नाही, कारण कीबोर्ड कधी लागलाच नव्हता. दादा ॲट छापलेली कळ दाबायचा आणि माझ्यापर्यंत पोचायचं अवतरणचिन्ह. बोटं बरोबर, शब्द बरोबर, तरी दार बंद. आणि मला बोलता येतं ते एकच वाक्य: लॉगिन चुकीचं आहे. काय चुकलंय ते सांगायची मला परवानगी नाही.

दादाने पुन्हा टाकला. कळा ठोकून ठोकून टाकला. मग फोन लावला.

"पासवर्ड बदललास ना तू?"

"नाही रे दादा. सांगितला तोच आहे."

"मग घेत का नाही? मी काय आंधळा आहे?"

"थांब, चिडू नको. कीबोर्ड कुठला लावलास? मी लॅपटॉप घेऊन येऊ का?"

"काही गरज नाही. घरातून गेलास, वर कुलूप घालून गेलास. ओळखलं मी तुला." आणि फोन बंद.

कीबोर्ड कुठला लावलास. उत्तराच्या अगदी दारात येऊन उभा राहिला होता हो पोरगा. पण ऐकून घेतलं असतं तर मान खाली गेली असती ना!

दादाने मला उपटलं आणि यंत्राला जुना थर्मोस्टॅट जोडला, म्हणजे पुरेशी ऊब झाली की आतला दिवा बंद करणारा खटका. तो कधीचा गंजलेला. अडकला आणि दिवा जळतच राहिला. सकाळी वहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, यंत्राचं दार उघडलं आणि वाफ तोंडावर आली. अंड्यांत पिल्लं तयार होत आली होती. एकही वाचलं नाही. तळेवाला आला तेव्हा दादा म्हणाला, "सख्ख्या भावाने दगा दिला. मी काय करणार?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

दुपारी वहिनी आवरायला बसली. तिने मला पुन्हा जोडलं. का ते ठाऊक नाही, बहुतेक तिचा धाकट्यावर विश्वास होता. घाईत तिने पासवर्ड टाकला तो नावाच्या जागी. तिथे मात्र सगळं दिसतं. पडद्यावर 'दादा', मग अवतरणचिन्ह, मग 'घरी'.

तिने कीबोर्डवरची ॲटची कळ बघितली, पुन्हा पडदा बघितला. मग एकेक कळ दाबून पाहिली. ॲट सापडलं, भलत्याच कळेवर, एंटरच्या शेजारी.

"अहो, इकडे या," तिने हाक मारली. दादा आला. त्याच्यादेखत तिने नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि मी दार उघडलं. आत शिरणाऱ्यासाठी धाकट्याने दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या, त्या आपोआप पडद्यावर आल्या.

'ये दादा. काही अडलं तर मला हाक मार.'

"भावजी खरं बोलत होते," वहिनी म्हणाली. "फोन करा त्यांना."

दादाने ओळी वाचल्या. मग त्याने हात पुढे केला आणि माझी वायर उपटली.

तेव्हापासून मी खणात आहे. खण दुकानाच्या टेबलाचा, त्यामुळे सगळं ऐकू येतं. अजूनही गिऱ्हाईक विचारतं, "धाकटे दिसत नाहीत?" आणि दादा सांगतो, "त्याचं नाव काढू नका. जाताना कुलूप घालून गेला."

मला शिव्या द्या, माझी तक्रार नाही. पण माझ्यासारख्याने तुम्हाला नाही म्हटलं, तर माणसावर बोट रोखण्याआधी एकदा कीबोर्डकडे बघा. एवढं ऐका माझं.

वहिनी कधीमधी सुतळी काढायला खण उघडते. मला बघते, फोन हातात घेते आणि पुढून दादाचा खोकला ऐकू आला की खाली ठेवते. पासवर्ड बरोबर होता हे आम्हा तिघांना माहीत आहे. धाकट्याला मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही.