माथ्यावरचं नाव

ऑलिव्हचा हंगाम तोंडावर आला होता. ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरच्या स्फाक्स शहरातले तेलघाणे धुऊनपुसून तयार होते आणि दोरसाफ कम्मून मात्र धुमसत होती. घाण्यावरच्या काट्याचं वजन थेट संगणकात उतरवणारा कोड तिने लिहिला होता. वापरा, बदला, विका, फक्त फाइलीच्या माथ्यावर माझं नाव आणि ही अट ठेवा, एवढंच तिचं मागणं. घाण्यांसाठी खुले प्रोग्राम लिहिणाऱ्या सी लुत्फींच्या ('सी' म्हणजे तिकडचं 'श्रीयुत') मंडळाने तो कोड आपल्या प्रोग्रामात घेतला. मंडळाची अट कडक होती: आमचं घेऊन पुढे वाटणाऱ्याने आपलाही कोड खुला करायचा. दोन्ही अटींची सोयरीक बिनतक्रार जमणारी. पण लुत्फी पडले जुने मुख्याध्यापक, टापटिपीचे वेडे. त्यांनी एका फटक्यात सगळ्या फाइलींच्या माथ्यावर मंडळाचा मजकूर चढवला आणि दोरसाफचं नाव पुसलं गेलं.

शनिवारच्या बैठकीत तिने विषय काढलाच.

"अगं पोरी, काहीही करा असं तूच म्हणालीस ना?" लुत्फी चहातले बदाम चघळत हसले. "आता सगळं मंडळाचं."

"मिसळा की! सगळ्याला तुमची अट लावा. पण माझ्या फाइलवर माझं नाव राहणार."

"एवढा नावाचा सोस?"

"आहेच! आठ महिने घाणे पालथे घातलेत मी, सी लुत्फी."

कुणी तिची बाजू घेईना. तेवढ्यात चिटणीस हमीदाने आलेलं पत्र वाचायला घेतलं. एक कंपनी मंडळाचा प्रोग्राम कुलूपबंद करून विकत होती, तिला लुत्फींनी खरमरीत नोटीस धाडली होती. हे कंपनीचं उत्तर: 'काट्याच्या फाइलवरचं कम्मूनबाईंचं नाव तुम्हीच पुसलंत. आधी दुसऱ्याची अट पाळा, मग आम्हाला शिकवा.'

लुत्फींचा चेहरा पडला. मग त्यांनी आपला लॅपटॉप दोरसाफपुढे सरकवला.

"चुकलो, पोरी. तुझ्या हाताने लिही."

तिने लिहिलं. वर आपलं नाव आणि अट, त्याखाली मंडळाचा मजकूर. लुत्फींनी ते उभं राहून मोठ्याने वाचलं आणि टाळ्यांनी खोली दणाणली. दोरसाफला इतका आनंद झाला की तिला रडूच आलं. कंपनीला धाडलेल्या नवीन नोटिशीवर तिचीही सही गेली.

आता कंपनीला बोलायला तोंडच उरलं नाही. सहाव्या दिवशी कंपनीने आपला सगळा कोड खुला केला. लुत्फींचा लगेच फोन आला.

"पाहिलंस? त्यांच्याकडेही तुझं नाव वर आहे, आमचं खाली!"

"खालीच शोभतं, सी लुत्फी," दोरसाफ म्हणाली.