चूल घराची की बाईची?

मी एक जुनी बिडाची चूल आहे. वर चार झाकणं, पोटात भट्टी, पाठीला धुराडं. जन्म ओतशाळेतला, पण हयात गेली दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोत, मेडोलँड्सच्या एका चार खोल्यांच्या घरात. मित्रांनो, माझी गोष्ट सांगते, पण गोड करून सांगणार नाही. गोड बोलणाऱ्यांनीच माझी ही दशा केली.

माझ्या मालकिणीच्या, केनेइल्वेच्या बापाने मला कोळसेवाल्याच्या घोडागाडीतून आणलं. उतरवताना माणसांच्या कमरा मोडल्या. मी थोडी डुगडुगत होते, म्हणून त्याने माझे पाय सिमेंटात पुरले, बोल्ट आवळले आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "आता हिला कुणाचा बापही हलवू शकत नाही!" मला ती शाबासकी वाटली. खरं तर त्या क्षणी माझं गोत्रच बदललं होतं. आत आले तेव्हा मी सामान होते, आता भिंतीसारखी घराची झाले. हे त्याला कळलं नाही आणि मलाही नाही.

मग राबणं आलं. पहाटे सगळ्यांचं अंघोळीचं पाणी, मग मक्याच्या पिठाची घट्ट उकड, थंडीत माझ्याभोवती वाळत घातलेले शाळेचे मोजे. लोक माझं कौतुक करायचे. पुढे घरात वीज आली आणि माझ्या डोक्यावर एक टीचभर विजेची शेगडी बसली. माझ्या भट्टीत जुने बूट ठेवले. नंतर वीज तासन्‌तास जायला लागली तेव्हा याच लोकांना मी पुन्हा आठवले. माणसाची जातच अशी.

बाप वारला, घर केनेइल्वेच्या नावावर झालं. ती डिकुकू करायची. डिकुकू म्हणजे तळहाताएवढे फुगलेले गोड पाव. लग्न असो की मयत, आल्याच्या सरबताबरोबर ते नसले तर पाहुणे जन्मभर नावं ठेवतात. विजेच्या भट्टीतले तिचे डिकुकू दगड व्हायचे, माझ्यातले कापसासारखे. तिचं पोट माझ्यावर होतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा तमाशा यावरच आहे.

गुडघे गेले तसं केनेइल्वेने घर विकून मामाच्या गावी जायचं ठरवलं, झीरस्ट शहराच्या पलीकडे. गिऱ्हाईक आलं ओबाकेंग, शाळेच्या मुलांची गाडी चालवणारा. बायको पोटुशी, भाड्याचं घर सोडायची घाई. टेबलाशी बसून त्याने सरबत ढोसलं, डिकुकू हाणले.

"चूल मी नेणार बरं का," केनेइल्वे म्हणाली.

"मावशी, न्या की! या म्हातारीला मी काय पुजू?"

"आणि तू महिनाअखेरीला राहायला ये. नोंदणी होईल तेव्हा होईल. पोरीला दगदग नको."

हातात हात घेतले. घराच्या दलालाने विचारलं, "साठेखतात आणखी काही लिहायचं?" दोघांनी माना हलवल्या. आमच्याकडे ताटावर बसलेल्या माणसाकडे लेखी मागणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. खालच्या ओळी कोऱ्या राहिल्या आणि वर सह्या झाल्या.

मग सुरू झालं वाट बघणं. नगरपालिकेचा दाखला, करखात्याचा दाखला, बँकेचं पत्र. मी या घरची नाही आणि त्या घरचीही नाही! रोज कुणीतरी येऊन भिंती मोजायचं. एक जण वाकून माझे फोटो काढून गेला. शहरातली खानावळवाली मंडळी म्हणे अशा चुली रंगवून दारात मांडतात, भाव बरा देतात. विस्तव नसताना मला आतून भाजायला लागलं.

दुसऱ्याच दिवशी ओबाकेंग आला. आज बसला नाही.

"मावशी, मी चौकशी केली. सिमेंटात बसवलेली वस्तू घराबरोबर येते."

"तोंडात माझा डिकुकू असताना शब्द दिला होतास मेल्या!"

"दिला असेन. लिहिलंय कुठे?"

केनेइल्वे म्हणाली, आता खरेदीखतावर सहीच करत नाही, बस बोंबलत. तेव्हा खरेदीखत करणाऱ्या वकीलबाई स्वतः घरी आल्या, मोएकेत्सीबाई. त्यांच्या कचेरीचा जिना केनेइल्वेच्या गुडघ्यांना झेपत नव्हता. ओबाकेंगही हजर.

"बाई, आधी हे सांगा, तुम्ही कुणाच्या?" केनेइल्वेने विचारलं. "नेमलं मी, फी भरतोय हा."

"इथली रीतच तशी. विकणारा नेमतो, घेणारा भरतो. पण खोटं मी दोघांसाठीही लिहीत नाही."

"मग चूल कुणाची?"

बाई खाली वाकल्या, माझ्या पायांवर बोट वाजवलं, धुराडं छपरातून जाताना बघितलं. "मावशी, ही आता घरातच जमा. पडदे नेता येतात, खुर्च्या नेता येतात. ही न्यायची तर साठेखतात एक ओळ हवी होती. घर-जमिनीच्या व्यवहारात तोंडी शब्दाला कुत्रं विचारत नाही."

"मी सही केली नाही तर?"

"हा कोर्टात जाईल. आणि जिंकेल."

केनेइल्वे मटकन बसली. पदर असता तर डोळ्याला लावला असता. तिने ओंजळीत तोंड झाकलं. मित्रांनो, लोखंडाला रडता येत नाही, म्हणून लोकांना वाटतं त्याला काही होत नाही.

ओबाकेंगचा चेहरा उजळला. "मिटलं तर! मावशी, शुक्रवारी सामान आणतो. भाड्याच्या घराची किल्ली मालकाला देऊनही टाकली."

पिशवी आवरता आवरता बाईंनी विचारलं, "सामान कुठे आणताय?"

"इथे. राहायला."

"साठेखतात ताबा नोंदणीच्या दिवशी आहे. त्याला महिना लागेल, जास्तही."

"पण मावशीने शब्द दिलाय..." तो मध्येच थांबला.

केनेइल्वेने तोंडावरचे हात काढले. "लिहिलंय कुठे रे?"

"मावशी, बायको पोटुशी आहे!"

"तिला मी आजच्या आज गादी घालून देते. तू बाहेर झोप."

बाईंनी हसू दाबलं आणि कागद काढला. साठेखताला पुरवणी: चूल केनेइल्वेची, ती घराच्या विक्रीतून वगळली. ताबा शुक्रवारी.

"नोंदणीपर्यंतचं भाडं?" बाईंनी विचारलं.

"तेही लिहा," केनेइल्वे म्हणाली. "आता लाज सोडलीच आहे."

ओबाकेंगने दात खात सही केली.

यात न्याय झाला असं समजू नका! ती पोर पोटुशी नसती, तिच्या नवऱ्याला घाई नसती, तर मी आज एखाद्या खानावळीच्या दारात पोटात दारूच्या बाटल्या घेऊन उभी असते आणि माझी मालकीण उपाशी. आम्ही कायद्याने वाचलो नाही. त्याच्या अडचणीने वाचलो.

मला उपटताना घणाचे घाव पडले. एक पाय तडकला. टेम्पोतून गावी आले. मामांनी अंगण झाडून ठेवलं होतं. "तुझी चूल इथे ठेव. ही जागा कायमची तुझी."

"मामा," केनेइल्वे म्हणाली, "एवढं दोन ओळीत लिहून द्या."

मामांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "आईच्या सख्ख्या भावाकडे कागद मागतेस? शहरात राहून हेच शिकलीस?"

"हो मामा. हेच शिकले. तुमच्यानंतर तुमची पोरं मला ओळखणार आहेत का?"

मामा काठी आपटत झाडाखाली जाऊन बसले ते अजून बसलेत. शेजारच्या बायका कुंपणावरून टोमणे मारतात, "बाई, पाणी प्यायलाही पावती घेतेस का गं?" केनेइल्वे ऐकून घेते. शनिवारी एक लग्न आहे, डिकुकू सांगून गेलेत, तरी तिने पीठ भिजवलेलं नाही.

मित्रांनो, मोठे व्हाल तेव्हा घर घ्याल, विकाल. त्या वेळी जे तोंडाने ठरलं ते सही करायच्या आधी कागदावर घ्या. चूल, पंप, ताबा, किल्ली, सगळं. समोरचा रुसेल. रुसू द्या. जो खरा आहे त्याचा हात दोन ओळी लिहून झडत नाही.

मी अंगणात विटेवर लंगडी उभी आहे; पाय पुन्हा पुरले तर मी मामांच्या जमिनीची होईन. थंडी हाडात शिरते आहे. तरी मामा उठून सही करत नाहीत तोवर मला कुणी पेटवू नये.