आधी आईच्या फोनवर

फोनची नवी सिस्टीम टाकायची की नाही यावरून बदलापूर पूर्वेच्या त्या सोसायटीत जेवढी चर्चा झाली, तेवढी गच्चीवरच्या टाकीला तडा गेला तेव्हाही झाली नव्हती. ग्रुपवर सरळ दोन पक्ष पडले. सेक्रेटरी उन्मेष दळवी टाकणाऱ्यांच्या पक्षाचा. त्याने पहिल्याच दिवशी टाकली आणि तेव्हापासून तो ग्रुपवर संशय यावा इतकं नम्र लिहू लागला. विरोधकांकडे ऐकीव माहिती भरपूर होती. कुणाच्या स्क्रीनवर हिरवी रेघ उमटली होती, कुणाचा फोन इस्त्रीसारखा तापत होता, आणि वांगणीच्या एका गृहस्थांच्या फोनने म्हणे त्यांना न विचारता मेव्हण्याची माफी मागितली होती. शेवटची बातमी सगळ्यात भयंकर मानली गेली.

भांडणाचं मूळ एका सोयीत होतं. तुम्ही कामात असलात आणि फोन वाजला, तर नवी सिस्टीम स्वतःच तो उचलायची आणि तुमच्या आवाजात बोलायची. आवाज ती आसपासचं ऐकून शिकायची. एवढंच.

गुरुदत्त चौबळ कुठल्याच पक्षात नव्हता. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत तो सव्वीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होता, आणि नमुना तपासल्याशिवाय मत द्यायचं नाही हे त्याच्या अंगात मुरलं होतं. घरीसुद्धा. बायकोने, म्हणजे मीनलने, आमटी कशी झालीय विचारलं की तो आधी दुसरा चमचा घ्यायचा. त्यामुळे एका शनिवारी तो उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये, जिथून घरातले सगळे फोन घेतले होते त्या दुकानात गेला आणि त्याने विचारलं, टाकून नाही आवडलं तर काढता येतं का.

दुकानदाराने दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या काचेवर प्लास्टिक चिकटवता चिकटवता मान हलवली. "चढ़ गया तो उतरेगा नहीं, साहब. घर में कोई दूसरा सेट होगा ना? पहले उसपे मारके देखो."

दुसरा सेट होता. तो आईकडे होता.

सुषमाबाई चौबळ अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला तळमजल्याच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. वय अठ्ठ्याहत्तर. गुरुदत्तच्या कंपनीच्या गेटपासून रिक्षाने दहा मिनिटं. ही दहा मिनिटं वाचवण्यासाठी गुरुदत्त रोज साडेसहाला कंपनीच्या बसमधून आईला फोन करायचा. गोळी घेतलीस का, भाजी कुठली केलीस, पाणी आलं होतं का, आणि शेवटी, इकडे बदलापूरला कधी येतेस. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं बदलायची. चौथ्याचं दोन वर्षं एकच होतं: बघू. बदलापूरच्या फ्लॅटमधली एक खोली तिच्यासाठी पलंगासकट तयार होती. कंपनीतून गुरुदत्तला लवकर घरी जाऊ देत नव्हते आणि आई घरातून निघत नव्हती. मध्ये तो झोपेत दचकत होता, की एक दिवस फोन वाजत राहील आणि कुणी उचलणार नाही. त्याला आई डोळ्यांसमोर हवी होती. बाकी काही नको होतं.

रविवारी तो अंबरनाथला गेला. आई भांडी लावत होती. त्याने तिचा फोन घेतला आणि अपडेटचं बटण दाबलं. फोनवर चाचणी घ्यायची तर ती आईच्या का, हा प्रश्न त्याला पडला नाही. कारखान्यात ट्रायल बॅच नेहमी छोट्या भांड्यातच काढतात. शेवटी फोनने चौदा परवानग्या मागितल्या. माइकवरून ऐकू का, जुने कॉल तपासू का, वापरकर्त्याच्या वतीने बोलू का. आईने आतून विचारलं, काय करतोयस रे. तो म्हणाला, काही नाही, साफ करतोय. आणि आईच्या वतीने चौदा वेळा होकार दिला.

निरीक्षण त्याने महिनाभर केलं. कंपनीची एक छोटी डायरी होती, तिच्यात नोंदी केल्या. पहिला आठवडा: आवाज स्वच्छ. दुसरा आठवडा: आई आता 'ठेव, दूध वर येतंय' म्हणत नाही, कॉल सरासरी अकरा मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात तिने त्याच्या गुडघ्याची चौकशी केली. गुडघ्याचं त्याने तिला दोन वर्षांपूर्वी एकदाच फोनवर सांगितलं होतं. त्याच आठवड्यातल्या गुरुवारी तिने न विचारता एक गोष्ट सांगितली. म्हणाली, तुझे बाबा सायकलवरून येताना वळणापर्यंत गात यायचे. वळण आलं की बंद. तू हसशील म्हणून. बसमध्ये बाजूला बसलेल्या माणसाला कळू नये म्हणून गुरुदत्त उरलेला रस्ता खिडकीतून पाहत राहिला. बाबांना जाऊन एकवीस वर्षं झाली होती, आणि त्यांना गाणं येतं हे त्याला आज कळत होतं. डायरीत त्याने लिहिलं: समाधानकारक.

चौथ्या आठवड्यात, मंगळवारी, त्याने चौथा प्रश्न विचारला आणि आई म्हणाली, "येते. या रविवारी टेम्पो आण."

त्याने लगेच टेम्पोवाल्या साईनाथला सांगितलं. मीनलने पलंगावर नवी चादर घातली. ती एवढंच म्हणाली की इतक्या वर्षांत सासूबाईंनी पहिल्यांदा सरळ उत्तर दिलंय, तब्येत बरी आहे ना बघ.

रविवारी अकराला टेम्पो अंबरनाथला लागला. आई उंबऱ्याशी स्टूल टाकून मेथी निवडत बसली होती. आत काहीच आवरलेलं नव्हतं. कपाट भरलेलं, शिलाई मशीनवर झाकण, दोरीवर लुगडी.

"कुठे निघायचंय?" तिने विचारलं. टेम्पो बघून तिला वाटलं कंपनीचं काही सामान आहे.

गुरुदत्तने तिला समजावलं, की तू हो म्हणालीस, मंगळवारी. ती म्हणाली, मंगळवारी मी साडेसहाला देवळात होते, महिनाभर मंगळवारी आणि इतर सगळ्या वारी जातेय, फोन घरी ठेवून. विसरली असेल, असं धरून तो फार सौम्यपणे बोलायला लागला, आणि ती त्याच्याकडे, हा असा का बोलतोय, म्हणून बघायला लागली. शेवटी पुरावा दाखवावा म्हणून त्याने खिशातून फोन काढला आणि तिच्यासमोर उभं राहून तिलाच लावला.

आत फ्रिजवर ठेवलेला तिचा फोन दोनदा वाजला आणि आपोआप थांबला.

"हं, बोल बाळा," कानात आईचा आवाज म्हणाला. "बसलास का बसमध्ये?"

समोर आई मेथी निवडत होती. तिचं तोंड मिटलेलं होतं. कानात आईने सांगितलं, की गोळी घेतली, आज मेथीच करतेय, जुडी जरा जून निघाली. समोर आईने एक जून काडी बाजूला टाकली.

गुरुदत्तने फोन कानापासून दूर धरला. आत ती बोलतच होती, लांबून ऐकू येत होतं.

"हे कधीपासून चाललंय?" त्याने विचारलं.

"तूच तर लावून गेलास," आई म्हणाली. "मला वाटलं, मुलाला रोज बोलायचा कंटाळा आला, केली काहीतरी सोय. वाईट नाही वाटलं. मी म्हटलं, त्याच्या बाजूनेही तसलंच यंत्र बोलत असेल. रोज तेच चार प्रश्न, त्याच क्रमाने. माणूस कशाला असं बोलेल?"

मग त्याला गुरुवार आठवला. त्याने बाबांच्या गाण्याबद्दल विचारलं, सायकल, वळण. हे तरी तू सांगितलंस ना?

आईचे हात थांबले. तिने नाही म्हटलं. हे तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं, गेल्या एकवीस वर्षांत नाही आणि त्याआधी तर नाहीच.

"पण खरं आहे?"

"खरं आहे," ती म्हणाली. मग हातातली काडी मोडत म्हणाली, "मी एकटी असले की बोलते घरात. त्यांच्याशीच, दुसरं कोण आहे. हे मेलं फ्रिजवर पडलेलं असतं."

दोघांनी फ्रिजकडे पाहिलं. फोन गप्प झाला होता, पण त्याचा दिवा चालू होता.

आता गुरुदत्तच्या मनात जे आलं ते त्याला स्वतःलाही फारसं शोभलं नाही. बाबांचं गाणं जर खरं, आणि ते तिने कुणाला न सांगता फोनने ओळखलं, तर मंगळवारचा होकारही कुठून तरी आलाच असेल. आई तोंडाने नाही म्हणत होती. पण फोन महिनाभर तिच्याबरोबर एकटा होता. तो मुलगा असून नव्हता. त्याने पुन्हा फोन लावला, स्पीकर चालू केला आणि मेथीच्या ताटाशेजारी जमिनीवर ठेवला.

"आई," तो फोनला म्हणाला, "बदलापूरला यायचंय का तुला? खरं सांग."

"येते रे," जमिनीवरून आईचा आवाज आला. थकलेला, तिचाच. "संध्याकाळी इथे फार भीती वाटते."

स्टुलावरची आई फोनकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घरातलं काही शेजारणीने चारचौघांत बोलून दाखवावं, तशी ती बघत होती.

"असं फोनवर सांगायचं नसतं," ती अगदी हळू म्हणाली. गुरुदत्तला नाही, फोनला.

गुरुदत्त काहीतरी विचारणार होता. इतक्यात साईनाथने हॉर्न दिला. त्याला बारा वाजता वांगणीची दुसरी ट्रिप होती. आईने पदराला हात पुसले, आत गेली, फ्रिजवरून फोन उचलला, चार्जरची वायर त्याला नीट गुंडाळली आणि आणून मुलाच्या हातात दिला.

"तिला यायचंय ना," ती म्हणाली, "मग तिला ने. मी आहे इथेच." आणि मेथी पुढे निवडायला बसली.

टेम्पोशी साईनाथ दोरी घेऊन उभा होता. त्याने सामान विचारलं. गुरुदत्तने फोन दाखवला. साईनाथने फोनकडे पाहिलं, रिकाम्या हौद्याकडे पाहिलं. "बांधू का?" म्हणाला. पूर्ण रस्ता फोन गुरुदत्तच्या मांडीवर होता. एकदा वळणावर त्याने त्यावर हात धरला.

घरी मीनल ताट-तांब्या आणि ओवाळून टाकायचा भाकरीचा तुकडा घेऊन दारात उभी होती, वृद्ध माणूस पहिल्यांदा कायमचं राहायला येतंय म्हणून. तिला सगळं सांगेपर्यंत तुकडा वाळला. मग गुरुदत्तने फोन आतल्या खोलीत नेला आणि दुसरी जागा न सुचल्याने नव्या चादरीवर, उशीपाशी, चार्जिंगला लावला. दार लोटून घेतलं. दुपारभर ती दोघं बाहेरच्या खोलीत हळू आवाजात बोलली. मीनलला वाटत होतं तो बंद करून टाकावा. गुरुदत्त दोनदा आत जाऊन आला. दोन्ही वेळा बटणापर्यंत अंगठा गेला आणि पुढे गेला नाही.

साडेसहाला गुरुदत्तचा फोन वाजला. स्क्रीनवर 'आई'.

तो उचलेना. फोन वाजून थांबला आणि परत वाजला. बंद दारामागून कुणीतरी त्याला शोधत होतं. त्याने कापला, परत वाजला. चौथ्यांदा कापताना त्याच्या लक्षात आलं की आयुष्यात त्याने आईचा फोन कधी कापला नव्हता. आणि आत्ता खरी आई अंबरनाथला होती, जिला फोनच नव्हता, जिला संध्याकाळी भीती वाटत होती, किंवा वाटत नव्हती. ते कळायला आता एकच मार्ग उरला होता: जाणं. पण हा आवाज असा वाजत ठेवून निघता येईना, आणि बरोबर घेऊन तिच्यासमोर जाता येईना.

त्याच्या स्वतःच्या फोनवर दीड महिना एक सूचना वर लटकत होती. नवी सिस्टीम तयार आहे, टाकू का? रोज तो 'नंतर' दाबायचा. आज त्याने 'आत्ता' दाबलं.

पंचवीस मिनिटं लागली. त्या पंचवीस मिनिटांत घरात कुठलाच फोन वाजला नाही. मग चौदा परवानग्या आल्या, त्या त्याने न वाचता दिल्या. शेवटी आवाज नोंदवायला सांगतील, काहीतरी परिच्छेद वाचायला देतील, असं उन्मेषने ग्रुपवर लिहिलं होतं. तसं झालं नाही. स्क्रीनवर आलं: तुमचा आवाज ओळखीचा आहे.

त्याने आपला फोन आत नेऊन दुसऱ्या फोनशेजारी ठेवला. बाहेर येऊन दार लावतोय तोवर आत एकदा वाजलं आणि थांबलं.

"हं आई, बोल," आत तो म्हणाला.

"बसलास का बसमध्ये?"

"नाही, घरीच आहे." आणि मग, गोळी नाही, भाजी नाही, पाणी नाही, आत त्याचाच आवाज, जरा थांबून, तो कधी थांबत नसे तसा थांबून म्हणाला, "आई, संध्याकाळी भीती वाटते म्हणालीस. कसली वाटते?"

गुरुदत्तचा हात कडीवर तसाच राहिला. हॉर्न वाजला तेव्हा हाच प्रश्न त्याच्या तोंडाशी आला होता. त्याने कान दाराला लावला. मग आई सांगायला लागली, पहिला शब्द जेमतेम सुरू झाला, आणि दाराशी कुणीतरी आहे हे कळावं तसा तिने आवाज खाली आणला. त्यानेही आणला. पुढचं काही ऐकू आलं नाही. कुजबुज मात्र चालू होती. मध्ये एकदा कुणीतरी हलकेच गुणगुणल्यासारखं वाटलं.

मीनलने स्वयंपाकघरातून विचारलं, आत कोण बोलतंय.

"आम्हीच," गुरुदत्त म्हणाला आणि चपला घालून निघाला.

अंबरनाथपर्यंतच्या रिक्षात त्याने तो प्रश्न मोठ्याने म्हणून पाहिला. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं, तेव्हा थांबला, मग परत म्हटला. शब्द तेच होते. मधलं थांबणं मात्र त्याला जमत नव्हतं.