कंडिशनवर मागवलेलं मशीन

आमच्या दौलतपूरच्या गल्लीत माणसं डॉक्टरपेक्षा मला जास्त घाबरतात. माझं मोबाइलवरून पैसे पाठवायचं दुकान आहे. इंटरनेटवर जुनी वस्तू बघून कुणी आगाऊ पैसे पाठवायला आलं की मी आधी त्याची उलटतपासणी घेते. विकणारा कोण? वस्तू चालते का? कंडिशनवर का देत नाही? कंडिशन म्हणजे कुरियरच्या खिडकीवर पैसे भरायचे आणि तिथेच पार्सल ताब्यात घ्यायचं. जो कंडिशनला नाही म्हणतो तो चोर, असा माझा सरळ हिशोब.

मोतालेब चाचा मात्र कधी पैसे पाठवायला आले नव्हते. तागाच्या गिरणीत ते हजेरी घ्यायचे. गिरणी बंद पडली, मग चाची गेल्या, आणि चाचा माझ्या दुकानापुढच्या बाकावर येऊन बसू लागले. चहा तिथेच, पेपर तिथेच. एकट्यासाठी चूल पेटवणं त्यांच्या जिवावर यायचं.

एक दिवस त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. जुन्या वस्तूंच्या ग्रुपवर बोगुरा शहरातल्या कुणीतरी हाताने चालवायचं शिलाई मशीन विकायला काढलं होतं.

"सगळे पैसे आत्ताच पाठव," चाचा म्हणाले.

"डोकं ठिकाणावर आहे का? आणि लुंगीला टीप मारायला मशीन कशाला हवं, गफूर टेलर मेला का?"

"पाठव गं डालिया. उगाच वाद नको."

मी कसली पाठवते. दुकानाच्या खात्यावरून लिहिलं, आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या चाचांना मशीन हवंय, चालवून दाखवा, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवा. ग्रुपचा तसा नियमच आहे, नाहीतर लोक दुसऱ्याच्या वस्तूचे फोटो टाकून टोप्या घालतात.

थोड्या वेळात व्हिडिओ आला. चेहरा नव्हता. एका बाईचा हात चाक फिरवत होता, पांढऱ्या कापडावर टीप सरळ पडत होती. मी म्हटलं, मशीन चांगलं आहे. चाचांनी व्हिडिओ पुन्हा लावला. मग पुन्हा. शेवटी पडद्यावर बोट ठेवलं.

"हे लाल फडकं बघ. टाचण्या खोचायला निलूच्या आईने बांधलं होतं."

चाचांच्या मुलीची, निलुफाची गोष्ट सगळ्या गल्लीला तोंडपाठ होती. बसच्या कंडक्टरशी तिने आपल्या मर्जीने लग्न केलं आणि आईचं मशीन तेवढं घेऊन निघाली. चाचा दारात उभे राहून ओरडले होते, "माझा एक पैसा तुला मिळणार नाही." त्यानंतर बापलेकीत एक शब्द नव्हता. आणि आता तेच मशीन विकायला निघालं होतं.

"हात किती वाळलाय तिचा," चाचा म्हणाले.

त्यांना काय हवं होतं ते आता कळलं. पैसे तिच्यापर्यंत पोचायला हवेत आणि ते कुणाचे हे तिला कळायला नको. तिने मशीनची किंमत सहा हजार टाका लावली होती. चाचा म्हणाले, दहा लिही. भाव वर चढवणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

"संशय येईल तिला. गप्प बसा," मी म्हटलं. चाचा सगळे पैसे आगाऊ द्यायला तयार आहेत, एवढंच लिहिलं.

उत्तर लगेच आलं. "चाचांना सांगा, कुणालाही आगाऊ देऊ नका. मलासुद्धा नाही. फार फसवतात हो म्हाताऱ्या माणसांना. त्यांना सांगणारं घरात कुणी नाही का?"

मी वाचून दाखवलं.

"लिही, कुणी नाही."

लिहिलं. मग तिने विचारलं, मशीन कुणासाठी घेताय?

"लिही, मुलीसाठी."

"नशीबवान आहे मुलगी," ती म्हणाली. मग कुरियरसाठी पत्ता आणि फोन नंबर मागितला, कारण त्या नंबरावर आलेला आकडा सांगितल्याशिवाय पार्सल मिळत नाही. मी माझा नंबर टाकायला घेतला तर चाचांनी माझा हात धरला.

"माझा टाक."

"चाचा, तिला पाठ असेल तो."

"म्हणूनच टाक."

तिने नंबर वाचल्याचं दिसलं. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चाचांचा चहा बाकावर थंड व्हायचा आणि मी तो ओतून दुसरा द्यायचे.

मग कुरियरचा मेसेज आला. चाचांनी इस्त्रीचा झब्बा घातला, पाकिटात दहा हजार भरले. वाटेभर बडबड करत होते. "पाठवलं बघ तिने. म्हणजे माझे पैसे घेईल ती. राग गेला असेल."

खिडकीवरच्या माणसाने कागद पाहिला. "सही करा आणि न्या. यावर कंडिशन नाही."

"नीट बघा."

"बघितलं चाचा. काही घ्यायचं नाही. भाडंसुद्धा तिकडेच भरलंय."

चाचांनी पाकीट खिडकीतून आत सरकवलं. त्याने बाहेर सरकवलं. चाचांनी पुन्हा आत सरकवलं. मागची रांग कुरकुरू लागली, तेव्हा मी ते पाकीट उचलून त्यांच्या खिशात घातलं.

"मीच म्हणालो होतो ना," चाचा म्हणाले, "एक पैसा नाही म्हणून."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, बापाचा की लेकीचा ते मला सांगता येणार नाही. रिक्षात मशीन आमच्या दोघांच्या मध्ये होतं. फडकं तिने काढून घेतलं होतं.

काही दिवसांनी चाचा एक चिठ्ठी घेऊन आले. हजेरीच्या वळणदार अक्षरात त्या दिवसाची तारीख.

"मशीन ग्रुपवर टाक. विकायचंय."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"किंमत अशी लाव की कुणी घेणार नाही."

मी फोन धरला. चाचांनी चाक फिरवलं. टीप वाकडी पडली. शेजारी चिठ्ठी ठेवली, तीही दिसेल अशी. खाली लोकांनी लिहिलं, सोन्याचं आहे का? एकाने लिहिलं, फ्रॉड आहे, सावध राहा. दुसऱ्यांच्या जाहिरातींखाली मी स्वतः हेच लिहीत आले आहे.

चाचा ते वाचत नाहीत. रोज नवी चिठ्ठी आणतात, आम्ही नवा व्हिडिओ टाकतो आणि ते बाकावर जाऊन बसतात.

"निलूने बघितलं का गं?"

"किती जणांनी बघितलं ते दिसतं, चाचा. कुणी बघितलं ते नाही दिसत."

"किती?"

मी आकडा सांगते. ते मान हलवतात आणि चहाचा कप उचलतात.

"मग त्यात असेल ती."